देणाऱ्याचं नाव

देऊळघाटच्या बशीरभाईंना आयुष्यात एकच प्रश्न विचारता येत होता: "कोनाकडून?" भांड्यांवर नावं टाकणाऱ्या माणसाला दुसरा प्रश्न लागतोच कशाला? लग्नसराईत लोक पितळेचे हंडे, कळश्या, पराती घेऊन येत. बशीरभाई विचारत आणि छिन्नीवर हातोडीनं टकटक करत ठिपक्याठिपक्यांनी आहेर देणाऱ्याचं नाव उमटवत. घेणाऱ्याचं नाव त्यांनी कधी टाकलं नाही. "ज्याच्या घरी हंडा हाय, त्याले मालूमच हाय ना, आपला हाय म्हनून," असं ते म्हणायचे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. त्या वर्षी बुलढाण्याच्या बाजारातून आमच्या गावच्या सायकली पटापट चोरीला जाऊ लागल्या. सरपंच रंगरावांनी दवंडी दिली की प्रत्येकानं सायकलीच्या दांडीवर नाव टाकून घ्यावं. नाव टाकणारा गावात एकच. बशीरभाई बसायचे त्या लिंबाखाली सायकलींची रांग लागली. बशीरभाईंनी प्रत्येकाला विचारलं, "कोनाकडून?" आणि आमच्या शहाण्या गावानं, मला धरून, सवयीनं खरं उत्तर दिलं. त्या काळात सायकल यायची कोणाकडून? सासऱ्याकडून. संध्याकाळपर्यंत गावातल्या झाडून सगळ्या सायकली सासऱ्यांच्या नावावर झाल्या. सरपंच तर आपली सायकल गावभर मिरवून आले. यात काही चुकतंय असं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

पहिला फटका शेषरावांना बसला. ते बुलढाण्याला कचेरीत शिपाई होते. त्यांची सायकल चोरीला गेली, चोर सापडला, आणि पोलिसांनी दांडीवर 'उत्तमराव, नांदुरा, यांजकडून' वाचून सरळ नांदुऱ्याला निरोप धाडला. उत्तमराव पहिल्या बसनं हजर. याच सायकलीसाठी जावई भर मांडवात रुसून बसला होता, ते सासरा कसा विसरेल?

"नाव माह्यं हाय," उत्तमराव म्हणाले.

शेषरावांनी बशीरभाईंना साक्षीला नेलं. हवालदारानं विचारलं, "सायकल कोणाची?"

"साहेब, ज्याचं नाव हाय त्याची तं नाहीच. नाव हाय म्हंजे त्यानं देऊन टाकली."

"मग कोणाची?"

"ते सायकलीवर काऊन लिवलं राहीन?"

हवालदारानं शेषराव आणि बशीरभाई दोघांनाही बाहेर काढलं. उत्तमराव सायकल बसच्या टपावर टाकून नांदुऱ्याला निघून गेले. शेषराव कचेरीपर्यंत पायी जाऊ लागले आणि त्यांनी बशीरभाईंशी बोलणं टाकलं.

मग खुद्द बशीरभाईंचीच सायकल गेली, आणि तिच्यावर नावच नव्हतं! ती त्यांनी स्वतः जुनी विकत घेतली होती. "कोनी देल्लीच नाही, तं कोनाचं नाव टाकू?" अख्ख्या गावाला नावं टाकून देणारा माणूस हा. मला तर अशी चीड आली की बोलायची सोय नाही. पण त्या सायकलीवर त्यांचं पोट होतं. हत्यारांची पिशवी हँडलला अडकवून ते खेडोपाडी लग्नघरी जायचे. आता गुडघे धरत जेमतेम वेशीपर्यंत पोचत आणि तिथेच बसून राहत.

उन्हाळ्यात बुलढाण्याला पोलिसांच्या बेवारस मालाच्या लिलावात ती सायकल दिसली. बसनं आलेल्या बशीरभाईंनी लांबूनच ओळखली. हवालदारानं विचारलं, "नाव आहे?"

"नाही."

"मग तुमची कशावरून?"

"बराबर हाय साहेब," बशीरभाई म्हणाले आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. अशा माणसाला काय करावं, सांगा.

त्या लिलावाला शेषरावही आले होते, स्वतःसाठी सायकल घ्यायला. पायी चालून त्यांच्या चपलांचे तळ गेले होते. त्यांनी नेमकी तीच सायकल घेतली, ढकलत भिंतीपाशी आणली आणि हँडल बशीरभाईंच्या हातात दिलं. "घ्या. पन मले रोज कचेरीत सोडा लागीन."

बशीरभाई रडले. बाहीनं डोळे पुसले आणि पिशवीतून छिन्नी काढली. "कोनाकडून?"

"अहो, आतातरी सोताचं नाव टाका! उद्या पुन्हा गेली तं?"

"देल्ली तुमी. माह्यं कसं टाकू?"

दांडीवर 'शेषराव यांजकडून' उमटलं. पुन्हा गेलीच ती सायकल. यावेळी पोलिसांनी ती मुकाट्यानं शेषरावांच्या दारात आणून दिली. शेषरावांनी ती बशीरभाईंना नेऊन दिली. पुन्हा दिली म्हणून बशीरभाईंनी खाली पुन्हा नाव टाकलं. पुढे कैक वर्षं बशीरभाई पायडल मारत आणि शेषराव मागे कॅरियरवर बसून त्यांना शिव्या घालत, अशी ती जोडी बुलढाण्याच्या रस्त्यावर दिसायची.

बशीरभाई गेले. इद्दतचे, म्हणजे विधवेनं घरातच राहायचे दिवस संपल्यावर त्यांच्या पत्नी अख्तरीचाची सायकल ढकलत शेषरावांच्या दारात आल्या.

"तुमचं नाव हाय, भाऊ. ठेवून घ्या."

शेषरावांनी दांडीवरच्या दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं.

"मी देल्ली होती ते, चाची. आता तुमाले देतो."

अख्तरीचाचींनी हँडल धरलं, पण त्या हलल्या नाहीत.

"मंग आता नाव कोन टाकीन?"