रेग स्टब्जचा न चुकलेला ठेका

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या क्लीथॉर्प्स गावातल्या आमच्या क्लबात रेग स्टब्जला कुणी 'कसा आहेस' विचारलं, की तो तब्येतीचं सांगायचाच नाही, सिनेमाचं सांगायचा. १९७४ साली त्याने एका सिनेमात ड्रम वाजवले होते. सिनेमाचं नाव मी घेणार नाही, नावातच चड्डी होती. पॉप बँडमधली चार टवाळ पोरं, त्यांच्यामागे पळणाऱ्या बिनकपड्यांच्या बाया आणि दर पाच मिनिटांनी कपाटात लपणारा एक पाद्री, एवढीच त्याची कथा.

त्याआधी रेग आमच्या बँडमध्ये होता. मी गायचे आणि हा मागे बसून ठेका चुकायचा. लीड्सला रेकॉर्ड कंपनीचा माणूस आम्हाला ऐकायला येणार होता, नेमका त्याच दिवशी हा शूटिंगला निघून गेला. बँड मोडला. मी पुढे तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात खोकी भरली. माझ्या मनात त्याच्याबद्दल राग आहे, हे आधीच सांगून टाकते.

सिनेमा आमच्याकडे तीनच दिवस चालला. त्याची बायको मॉरीन तो बघायला गेली नाही. तिला रेगने सांगून ठेवलं होतं, की बिनकपड्यांची बाई बँडसमोरून पळते त्या प्रसंगात आपण डोळे मिटून वाजवत होतो. संगीतात बुडाला होता म्हणे. बिचारीने विश्वास ठेवला.

सत्तरी उलटल्यावर रेगने हट्ट धरला. क्लबच्या भिंतीवर गावातल्या कलाकारांचे फोटो आहेत, त्यांत आपलाही हवा. दुसरं काही त्याला आयुष्यात नकोच होतं. सेक्रेटरी क्लाइव्हने कुठूनतरी सिनेमाची डिस्क मागवली आणि रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांसमोर लावली. रेग टाय बांधून पहिल्या रांगेत, शेजारी मॉरीन.

तो प्रसंग आला. ड्रम दणक्यात सुरू झाले, अगदी नेमका ठेका. मग एक बाई टॉवेल टाकून बँडसमोरून पळाली आणि कॅमेरा रेगवर गेला. तोंड उघडं, डोळे बशीएवढे, दोन्ही काठ्या हवेत थांबलेल्या. ड्रम मात्र वाजतच होते.

शूटिंगच्या वेळी आवाज होऊ नये म्हणून ड्रमवर ब्लँकेटं टाकली होती आणि आवाज नंतर लंडनमध्ये दुसऱ्याच कुणीतरी भरला होता, हे त्याने पन्नास वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. त्याचा ठेका एकदाच चुकला नाही, तोही त्याचा नव्हता. क्लबात हशा पिकला. मीही पोट धरून हसले आणि मला फार बरं वाटलं.

क्लाइव्ह ओशाळून डिस्क बंद करायला उठला. मॉरीनने त्याला थांबवलं आणि चित्र जरा मागे घ्यायला लावलं. पडद्यावर रेग पुन्हा आ वासून थांबला. ती त्याच्याकडे वळली.

"डोळे मिटले होतेस ना रे?"

"ते याच्या आधी," रेग पुटपुटला.

"क्लाइव्ह, याला भिंतीवर फोटो हवाय ना? मग हाच लावा. चांगला मोठा करून."

फोटो लागला. दर रविवारी मॉरीन रेगला बरोबर त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसवते आणि स्वतः फोटोकडे पाठ करून जेवते. हल्ली कुणी 'कसा आहेस' विचारलं, तर रेग गुडघ्यांचं सांगतो.