टिनकपचा रानकुट्टू

वर्ना एचेबेरीचं सगळं आयुष्य खेचराच्या पाठीवर गेलं. सिएरा पर्वताच्या पूर्व उतारावर डेल प्रुइटचा खेचरांचा तळ आहे, तिथल्या तांड्याबरोबर डोंगरात जाणारी ती स्वयंपाकीण. लोखंडी भांड्यात राजमा शिजवायचा, निखाऱ्यांत पुरून मेंढपाळी पाव भाजायचा, मासे धरायला आलेल्या शहरी पाहुण्यांना कॉफी पाजायची आणि सकाळी पुन्हा खोगिरावर बसायचं. टिनकप खिंड तिने इतक्यांदा ओलांडली होती की डोळे मिटूनही वाटेतला दगडन्‌दगड सांगितला असता. दगडच. फुलांकडे बघायला तिला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती.

नवरा बीशेन गेला तेव्हा वर्नाने घराचे पडदे ओढून घेतले. तळावर जाईना, फोन उचलेना. शेवटी शेजारची कोरा लिंडक्विस्ट एके सकाळी न विचारता तिच्या स्वयंपाकघरात शिरली. कोरा निवृत्त नर्स. ऐकून घेण्याची तिला सवय नव्हती.

"ऊठ. फुलं बघायला जायचंय."

"मला फुलांतलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर चल. कळणारे फार बडबड करतात."

डोंगरात फुलं बघत हिंडणाऱ्या कोराच्या मंडळींची एक रीत होती. झाडं संपतात त्याच्याही वर, जिथे वारा माणसाला उभं राहू देत नाही, तिथली फुलं जमिनीला चिकटून वाढतात. ती बघायची तर पोटावर आडवं व्हायचं आणि भिंग डोळ्याला लावून नाक मातीत खुपसायचं. परत निघताना सगळे एकमेकांचे शर्ट तपासायचे. ज्याचा शर्ट पुढून स्वच्छ, त्याने फूल पाहिलंच नाही. पुढच्या वेळी सगळ्यांसाठी अ‍ॅपल पाय त्याने आणायचा. वर्ना कधीच आडवी झाली नाही. "मेल्यावर झोपायचंच आहे की," म्हणायची, आणि प्रत्येक वेळी मुकाट्याने अ‍ॅपल पाय भाजून न्यायची. सफरचंदं कापता कापता तिचं रडणं कमी होत गेलं. कोराने आपल्याला त्या अंधाऱ्या घरातून ओढून काढलं नसतं तर आपण आज नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बोलून मात्र तिने ते कधी दाखवलं नव्हतं.

यंदा कोराच्या फुप्फुसांनी दगा दिला. नाकात प्राणवायूची नळी आली, डोंगर बंद झाला. उन्हाळा संपला की मुलगा तिला समुद्रकाठी आपल्या घरी नेणार होता. कोराने कुरकुर केली नाही, पण एक रुखरुख तिला होती. टिनकप खिंडीत एक रानकुट्टू वाढतो. नावात कुट्टू असला तरी पीठबीठ काही होत नाही त्याचं. बशीएवढी करडी, लवदार पानांची गादी, एवढाच त्याचा पसारा. त्याची नेमकी जात कोणती, ते कोराला लागलं नव्हतं. दरवर्षी मंडळी पोचायची तेव्हा एक तर कळ्याच असायच्या, नाहीतर सगळं वाळून गेलेलं. अंडपानी रानकुट्टू की दहिवरी रानकुट्टू, या दोन जातींवर घोडं अडलं होतं.

"मी आणते की उपटून एक," वर्ना म्हणाली.

"हात लावशील तर खबरदार! ती गादी तुझ्या आईच्या वयाची असेल. नुसती बघून ये आणि मला सांग."

डेलने खेचर दिलं, बिस्किट नावाचं, स्वभावाने गरीब. वर एक दमही दिला. "वर्नाबाई, खिंडीत खाली उतरायचं नाही. गुडघा नवा बसवलाय तुमचा. तिथे तुम्हाला परत वर चढवायला कोणी बसलेलं नाही."

वर्नाने ऐकलं. खिंडीत बिस्किटला उभं केलं, खोगिरातून वाकून पाहिलं आणि खूश होऊन परत आली.

"अगं, एक नाही, दोन जाती आहेत! एक पिवळी आणि एक तांबडी. शेजारी शेजारी."

कोराने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शर्ट तर अगदी इस्त्रीचा दिसतोय."

वर्नाने शर्टाचं टोक उगाच खाली ओढलं.

"बिस्किटवरून बघितलंस ना?"

"डेल म्हणाला, उतरलात तर चढता येणार नाही."

"खरं आहे त्याचं," कोरा नळी सारखी करत म्हणाली. "राहू दे."

हे "राहू दे" वर्नाला फार लागलं. पडदे लावून बसलेल्या बाईला जिने राहू दिलं नाही, ती कोरा आता राहू दे म्हणत होती. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फुलं वाळायच्या आत वर्ना पुन्हा खिंडीत गेली. या वेळी देवाचं नाव घेतलं आणि खोगिरावरून घसरली. गुडघा कळवळला. आधी ती बसली, मग एका कुशीवर कलंडली, मग पोटावर आली. कोराचं भिंग डोळ्याला लावलं.

पिवळ्या गादीतल्या फुलांतून बारीक केसर बाहेर डोकावत होते. आत बी धरायला मात्र काही नव्हतं. तांबड्या गादीपर्यंत ती कोपरांवर सरपटत गेली. तिथली फुलं मोठी झालेली, तांबूस, आणि प्रत्येकात एक बी भरत आलेलं. केसर नावालासुद्धा नाहीत. पानं दोन्हींची सारखीच, तीच करडी लव. वर्नाने पुन्हा पिवळी बघितली, पुन्हा तांबडी, आणि तशीच पडल्या पडल्या हसत सुटली. जात एकच होती. एका गादीत नर, दुसऱ्या गादीत मादी. खोगिरातून बघून ती एका नवराबायकोला दोन वेगळी घराणी समजली होती!

तिला उठवेना, आणि उठावंसंही वाटेना. तापलेल्या खडीची ऊब पोटाला लागत होती. बीशेन आठवला, तांड्याच्या पुढे शीळ घालत जाणारा. त्यालाही हे कधी दिसलं नव्हतं. आपल्याला दिसलं. वर्नाने तिथेच, कुणीही ऐकायला नसताना, मोठ्याने आभार मानले. गुडघा बसवणाऱ्या डॉक्टरचे, निमूट उभ्या असलेल्या बिस्किटचे, आणि सगळ्यांत जास्त कोराचे.

मग रिकिबीला धरून ती कशीबशी उभी राहिली. सपाट खिंडीत चढायला आधार नव्हता. लंगडत, लगाम धरून ती खालच्या मोठ्या शिळेपर्यंत चालत गेली, शिळेवर चढली आणि तिथून एकदाची खोगिरात पडली. तळावर डेल धावत आला.

"पडलात की काय?"

"नाही रे. जरा आडवी झाले होते."

घरी न जाता ती थेट कोराकडे गेली. कोरा खिडकीपाशी पांढऱ्याशुभ्र ब्लाउजमध्ये बसली होती. वर्ना तोंड उघडणार तोच तिने हात वर केला. तिची नजर वर्नाच्या शर्टावर होती. गळ्यापासून कमरेपर्यंत करडी धूळ, बटणांच्या खाचेत खडीचे चमकते कण.

"उतरलीस," कोरा म्हणाली.

"उतरले. पिवळे नर, तांबड्या माद्या. झाडं वेगवेगळी, जात एक."

"मग दहिवरीच!" कोराचा आवाज चिरकला. "अंडपानीचं असं नसतं. दहिवरी गं, दहिवरी!"

"कोरा, ऐक. त्या सकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात आली नसतीस ना, तर मी तिथेच संपले असते. कधी म्हटलं नाही तुला. आज म्हणते."

 नळी सांभाळत कोरा उठली आणि वर्नाला घट्ट मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही. मग मागे सरून तिने आपल्या ब्लाउजकडे पाहिलं. टिनकपची धूळ तिच्याही छातीवर उमटली होती.

"बघून घे नीट," डोळे पुसत कोरा म्हणाली. "यंदा माझ्याकडून अ‍ॅपल पाय नाही."