कावळघळीतला हस्तक्षेप

वडूजच्या त्या गल्लीत स्वप्नालीविषयी बोलायला विषय शोधावा लागत नसे. आभाळ भरून आले की पुरे होई. "ढग गडगडलं की बाया वाळवण काढाय धावत्यात, अन् ही बिराप्पाची पोरगी क्यामेरा काढाय धावती," असे शेजारच्या बनुबाई पापड गोळा करता करता म्हणत. समोरचे किराणा दुकानदार लालासाहेब गिऱ्हाइकाला डोळा घालून सांगत, "मेंढक्याची लेक ती, गड्या. बापानं मेंढरं वळली, ही ढग वळती." हे टोमणा म्हणूनच बोलले जाई. स्वप्नालीला मात्र ते मनातून आवडे.

स्टँडजवळ तिचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, बारशी, लग्ने यांवर पोट चाले. साताऱ्याच्या कॉलेजात घेतलेली पदवी भिंतीवर टांगलेली होती. ओढ मात्र एकाच जागेची. पाटणच्या पश्चिमेला कातळाचा एक लांबलचक सडा आहे. त्यावरून चालता चालता जमीन अचानक संपते आणि पायाखाली काळी भिंत सरळ खाली उतरते, ती कावळघळ. वळवाच्या दिवसांत तिथे पाऊस वरून पडत नाही. तो कोकणाच्या अंगाने, दरीतून वर चढत येतो. ते चढणे तिला फोटोत धरायचे होते.

चार उन्हाळे ती दुचाकीवरून कऱ्हाडमार्गे तिथे गेली आणि चारही वेळा हिरमुसून परतली. ढग यायचे, वीजही यायची. पण एवढी खोल घळ फोटोत विहिरीएवढी दिसे. चूक कुठे होते ते तिला उमगत नव्हते.

ती चूक पाचव्या उन्हाळ्यात उमगली. तिचे वडील बिराप्पा दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरत आणि मे महिन्यात त्याच सड्यावरून परतत. त्यांच्या वडिलांची, आज्यांचीही वाट तीच. सड्यावर पोचल्यावर त्यांचा फोन आला. "उद्या दुपारच्याला आभाळ फुटतंय बग. मेंढरं सकाळधरनं तोंडं आत घालून उबी हायत."

दुसऱ्या दिवशी ती घळीच्या कडेला उभी असताना दरीतून काळोख वर येऊ लागला. बिराप्पा लांबून ओरडले, "ती लोखंडी तिपाई आडवी कर आदी! वीज काय तुज्या फोटोसाठी थांबती व्हय? अन् खाली बस!" तिने कॅमेऱ्याची तिपाई आडवी केली, गुडघे टेकले आणि वडिलांच्या घोंगडीची खोळ डोक्यावरून कॅमेऱ्यापर्यंत ओढली. भर पावसात तिने काम करायचे ते असेच. ओल्या लोकरीच्या वासात, काचेवर थेंब न पडू देता. तेवढ्यात बिराप्पा आणि कळप समोरच्या कड्याच्या खांद्यावर आले. वीज कडाडली. नखाएवढा माणूस, तिळाएवढी मेंढरे, आणि त्यांच्या खाली न संपणारी घळ. पाऊस त्यांच्या पायांपर्यंत चढत आला होता. स्वप्नालीने बटण दाबले तेव्हाच तिला कळले की चार वर्षे तिच्या फोटोंत नव्हता तो माणूस. तो असल्याशिवाय खोली मोजायची कशाने?

हा फोटो तिने साताऱ्याच्या 'गिरिदृष्टी' छायाचित्र मंडळाच्या स्पर्धेला पाठवला. महिन्याभरात पत्र आले: निसर्ग विभागात पहिले बक्षीस, दालनात मोठी प्रत, समारंभाला उपस्थित राहावे. गल्लीत ते पत्र घरोघर फिरले. बनुबाईंनी साखर वाटली. "ढग वळून बक्षीस मिळतंय, तर आमी उगीच पापड वाळवतोय," असे लालासाहेब म्हणाले. बिराप्पांनी नवा पटका बांधला. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांना भिंतीवर लावले होते.

दालनाच्या मधल्या भिंतीवर तो फोटो माणसापेक्षा उंच होता. खाली पाटी होती: 'अस्पर्श'. बिराप्पा जवळ गेले, मागे सरले, पुन्हा जवळ गेले.

"सपने, ह्यात मी कुठाय?"

स्वप्नालीने मान वर करून पाहिले. कड्याचा खांदा मोकळा होता. माणूस नव्हता, कळप नव्हता. त्यांच्या जागी शेजारच्याच कातळाचे ठिगळ सफाईने बसवले होते.

"माझं ऱ्हाऊ दे. पर मेंढरं कुठं गेली गं सगळी?" त्यांच्या आवाजात खराच घोर होता. रानात कळप नजरेआड झाल्यासारखे ते भर दालनात फोटोच्या कडा धुंडाळू लागले.

मंडळाचे कार्यवाह इंद्रजित हसतमुखाने पुढे आले. इस्त्रीच्या कुर्त्यासारखीच त्यांची भाषा होती. "अभिनंदन! आम्ही थोडंसं स्वच्छ केलंय, बरं का. काही काळे ठिपके मध्ये येत होते."

"ते ठिपके नव्हते," स्वप्नाली म्हणाली. "मला न विचारता तुम्ही फोटोला हात कसा लावलात?"

"अहो, निसर्ग विभाग आहे. परीक्षकांना मानवी हस्तक्षेप चालत नाही."

"मग फोटो नाकारायचा होता. तुमच्या नियमांत तसं एक अक्षर नाही. मी तीनदा वाचलेत. आणि तो हस्तक्षेप तुमच्या समोर उभा आहे. माझे वडील आहेत ते."

इंद्रजित यांनी पटक्याकडे पाहिले, नमस्कार केला आणि आवाज खाली आणला. "ताई, भावना समजतात. पण चित्र किती निर्मळ झालंय बघा. पाहुणे आलेत. बक्षीस घ्या, मग निवांत बोलू."

निर्मळ. स्वच्छ. अस्पर्श. स्वप्नालीने पुन्हा फोटोकडे पाहिले. ज्या वाटेवर तिच्या पणज्यापासूनची पावले झिजली, ती वाट पुसायला यांना घरात बसून किती वेळ लागला असेल? आणि पुसून मिळवले काय? घळ पुन्हा विहिरीएवढी झाली होती. माणूस नाहीसा करताना त्यांनी दरीही बुजवली होती, आणि हे त्यांच्यापैकी एकालाही दिसले नव्हते.

"अगं, हिकडं बग!" बिराप्पा खाली वाकून फोटोच्या कोपऱ्यावर बोट टेकवत होते. तिथे काळ्या कातळात एक काळा दगड होता. "ही आपली तुटकी! मेंढीचा तुटका कान बग की. वीज कडाडली की ती अशीच बूड टेकती. बाकीच्या गेल्या, हिला दगूड समजून सोडली ह्यांनी!" आणि ते हसू लागले. हसता हसता त्यांनी पटक्याच्या शेवाने डोळे टिपले.

इंद्रजितही वाकून पाहू लागले. "हो की! राहून गेलं," ते सहज बोलून गेले, "पुस्तिकेत छापताना काढून टाकू."

ध्वनिक्षेपकावर नाव पुकारले गेले. टाळ्या सुरू झाल्या. स्वप्नाली मंचावर गेली. पाहुण्यांनी सन्मानचिन्ह पुढे केले. तिने हात पुढे केला नाही. टाळ्या अडखळत थांबल्या. पहिल्या रांगेत बिराप्पा ताठ बसले होते. तिने माइक हातात घेतला.

"हा फोटो माझा नाही. मी काढलेल्यात माझे वडील आहेत. तो लावणार असाल, तर बक्षीस घेते."

इंद्रजित लगबगीने मंचावर आले. हसू तसेच होते, फक्त आता ते दातांवर ताणले गेले होते. "ताई, एवढ्या लोकांसमोर... ते शक्य नाही. मग हे बक्षीस आम्ही द्यायचं तरी कुणाला?"

स्वप्नालीने माइक तोंडाशी धरला आणि साताऱ्यात शिकलेली भाषा बाजूला ठेवली.

"त्या तुटकीला द्या. तुमच्या फोटोत खरी अशी तेवढीच उरलीया, अन् तीबी तुमाला वळखली न्हाई म्हणून."