सईला घेऊन हॅमिल्टनला

मोटरवेवर गाडी घातली आणि डावी लेन घट्ट धरली. आमच्या फ्लॅट बुशहून हॅमिल्टन दीड तास, लायसन्स मिळून जेमतेम महिना, मागे सहा वर्षांची सई, तिच्या हाताला पट्टी. ह्यांना सांगितलं, लायब्ररीत जाते. कुठल्या गावच्या, ते नाही सांगितलं.

पट्टी का, तर मंगळवारी सईनं तारेच्या घासणीनं हात घासला. रक्त येईपर्यंत. "इट्स नॉट कमिंग ऑफ, मम्मा," म्हणाली.

गुरुवारी डेअरीत (कोपऱ्यावरच्या दुकानाला इथं डेअरी म्हणतात) दूध आणायला गेले तर दारावर कागद. शनिवारी हॅमिल्टनच्या लायब्ररीत आफ्रिकेतून आलेल्या तीन मोठ्या माणसांशी गप्पा, एक कादंबऱ्या लिहिणारे, एक प्राध्यापक, एक चित्रकार बाई. सईनं बाईंच्या फोटोवर बोट ठेवलं. "शी'ज माय कलर." तिथंच ठरवलं, ह्या बाईंना विचारायचं.

वाटेत बॉम्बे नावाचा चढ लागतो, खरंच, पाटीच आहे! मी पाटी बघत बसले, मागून दुधाचा टँकर भोंगा वाजवत आला, घाबरून भलत्याच फाट्याला वळले. गाईच गाई. एक म्हातारा कुंपण दुरुस्त करत होता. "हॅमिल्टन?" विचारलं.

"सेकंड लेफ्ट, लव्ह. स्वीट अ‍ॅज!" (म्हणजे झकास.)

पोचले तर गप्पा संपत आलेल्या. कादंबरीवाले काहीतरी बोलले, सगळे हसले, मला निम्मं कळलं नाही. सई पोळीची गुंडाळी खात होती. मग चहा, आणि बाईंसमोर रांग. अबेना त्यांचं नाव, नखांत निळा रंग.

माझं शिक्षण दहावीपर्यंत, इंग्रजी अडतं, एरवी सईच माझ्यासाठी बोलते. "सई, त्यांना विचार ना..." म्हटलं आणि थांबले. हे तिच्या तोंडून कसं वदवून घेऊ?

"मॅडम, माय डॉटर..." पुढं शब्दच नाहीत. मी पट्टी सोडून दाखवली, घासायची खूण केली, सईच्या रंगावर बोट ठेवलं.

बाई गुडघ्यावर बसल्या. "हू टोल्ड हर?"

सासूबाईंचं नाव जिभेवर आलं होतं. नाशिकहून आल्यापासून रोज म्हणतातच, उन्हात काळी पडेल पोर. पण दर रविवारी डाळीचं पीठ आणि साय मीच चोळायची. चोळू दे नीट, गोरी होशील, हे मीच म्हणायची.

"मी," म्हणाले. मग, "आय. मदर."

सई माझ्याकडं बघत होती. मला तिच्याकडं बघवेना.

बाई रागावल्या नाहीत. मला कळावं म्हणून सावकाश बोलल्या, त्यांची आई त्यांना गोरं करायचं मलम लावायची, चुरचुरायचं. मी मोडकंतोडकं विचारलं, मग तुम्ही कशा सावरलात?

"फर्स्ट, शी स्टॉप्ड."

सईला म्हणाल्या, तुझा रंग करायला मला पाच रंग मिसळावे लागतात. "फाइव्ह?" सईनं विचारलं. तेवढंच.

येताना गाडी कशी चालवली आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सासूबाईंनी हाक मारली, "अगं, पीठ काढून ठेवलंय, साय तेवढी घाल. पोरीला आण."

सई आधीच बाथरूमच्या दारात बाही वर करून उभी होती.

मी वाडगा उचलला, ओट्यावर नेला, कांदा चिरायला घेतला.

"हे गं काय?"

"भजी, आई."

"न्हायच्या वेळेला भजी?"

मी मीठ घातलं, तिखट घातलं, तेल तापत ठेवलं. सईनं बाही लगेच खाली केली नाही. पहिला घाणा ताटात आला, तेव्हा केली.