भरतीला एक घोट

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत हो! समुद्राकडची खिडकी उघडी राहिली की घरात वाळू साठते, तसे ते आपोआप साठतात. हे रेवदंड्याचे. एकोणीसशे पंचवीस-सव्वीस साल असेल, मी तिथल्या नव्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर मुंबईचे, फक्त वर्षभरासाठी आलेले. वर्ष संपलं की थोरले भाऊ येऊन त्यांना नेणार आणि दवाखान्याला कुलूप लागणार, हे ठरलेलंच. मी पहिल्या दिवसापासून उरलेले दिवस मोजायचो!

पहिले दोन महिने चिटपाखरू फिरकलं नाही. डॉक्टर खुर्चीत बसून समुद्र बघायचे, मी धुतलेल्या बाटल्या परत धुवायचो. लाटा ऐकता ऐकता दोघांचाही डोळा लागायचा. एका दुपारी दारात म्हातारा तांडेल उभा, स्वतःच्या होडीचा मालक.

"काय होतंय?" डॉक्टर धडपडत उठले.

"मना काय व्हनार? तुमीच रोज निजल्याले दिसता, म्हनून बघाया आलो. बरं हाय ना?"

मग बोर्ली पंचतनाकडून होडीतून एक म्हातारी आली, दम्याने बेजार. खाली उतरायलाच तयार नाही! शेवटी डॉक्टर गुडघाभर पाण्यातून गेले आणि होडीतच तिच्या छातीला नळी लावली. होडी डुलतेय, खाली पाणी चुबूकचुबूक वाजतंय.

"आजी, मला नुसता समुद्रच ऐकू येतोय!"

"मंग? जलम त्यातच ग्येला माजा!"

औषध वेळेवर घ्यायला घड्याळ कुणाकडेच नव्हतं. डॉक्टरांनी फर्मान काढलं, भरतीला एक घोट, ओहोटीला एक घोट. काय सांगू, हिवतापाच्या दिवसांत पाणी चढायला लागलं की किनाऱ्यावरची सगळी तोंडं एकदम कडू! मी पायरीवर बसून तो सोहळा बघायचो. एकदा डोंगरातला एक बाप्या बाटली धरून घुटमळत राहिला. "सायेब, आमच्याकडं भरती येत न्हाय."

"गुरं तर येतात ना परत? मग त्यांच्याबरोबर घे!" डॉक्टर म्हणाले.

खाटांचं तर विचारूच नका. रोगी खाटेवर घालून आणायचे. बरा झाला की तो चालत घरी, खाट मात्र इथंच. रिकामी खाट परत नेली की दुखणं मागोमाग येतं, अशी पक्की समजूत! एका बागायतदाराने सुपारीची वखार दिली, तीही खाटांनी भरली. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत जो तो म्हणायचा, "रेवदंड्याला न्या."

वर्ष भरत आलं आणि डॉक्टरच तापाने आडवे झाले. त्यांची घरची शिसवी खाट वखारीत आणून टाकली. झाडलोट करणारी जानकी कोळीण त्यांना पेज भरवायची. पंधरा दिवसांनी ते उठून बसले, आणि नेमके भाऊ बोट घेऊन हजर! ट्रंका चढल्या, पुस्तकं चढली. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू?

"आता ती खाट उचला," भाऊ म्हणाले.

जानकी दारात आडवी उभी राहिली. "बऱ्या झाल्याल्या मान्साची खाट परत न्हाय न्हेत!"

भाऊंना काही कळेना. डॉक्टर हसले. "अगं जानकी, मग मी निजू कुठं?"

"खाटंवर," ती म्हणाली आणि चादर झटकून परत अंथरली.

डॉक्टरांनी चपला काढल्या आणि खाटेवर बसले.