सणसरचं सहावं पिल्लू

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली की घड्याळ बघत फेऱ्या मारायचो तो मी, ड्रायव्हर नव्हे. निवृत्त झालो आणि सोडायला गाडीच उरली नाही. बारामतीतल्या घरात मी सकाळी सहाला आवरून बसायचो आणि सव्वासहाला उठायचो. नळ टपकतोय का बघ, फाटक लागलंय का बघ, कुकरच्या शिट्ट्या मोजून बायकोला सांग. महिन्याभरात ती म्हणाली, "अहो, कुठंतरी कामाला लागा. फुकट असलं तरी चालेल, पण लागा."

फुकटचंच मिळालं. शेजारचे निवृत्त पशुवैद्य कारवानी कुत्र्यांचा क्लब चालवायचे. कारवानी म्हणजे लांब पायांची, पोट आत गेलेली, वाऱ्यासारखी पळणारी आपल्याकडची जात. तिच्यात भेसळ होऊ नये म्हणून नोंदणी. कुत्री व्याली की पंचेचाळीस दिवसांच्या आत मळ्यावर जायचं, पिल्लं मोजायची, रंग आणि नर-मादी लिहायचं, खाली मालकाची आणि माझी सही. ज्या पिल्लाची त्या कागदावर नोंद नाही, ते क्लबच्या लेखी जन्मलंच नाही. खरं सांगतो, कुत्र्यांचं मला फारसं प्रेम नव्हतं. मला पुन्हा वेळापत्रक मिळालं होतं. मी फायलींची पिशवी खांद्याला अडकवून स्कूटरवर इंदापूरपर्यंतची गावं पालथी घालू लागलो.

सणसरला उसाच्या कडेला एका आबांचा मळा होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, बोलणं मोजकं. त्यांच्याकडं वडिलांपासून एकाच रक्ताची कुत्री चालत आलेली. गोठ्यात पोत्यावर पिल्लं लोळत होती.

"पाच हायती," आबा म्हणाले.

मी मोजली. पाचच होती. पण त्यांची आई पाजता पाजता उठली आणि आतल्या खोलीच्या बंद दाराला नाक घासायला लागली. आतून बारीक कुंई कुंई ऐकू आली. आबा उगीच खाकरले.

"पाचच का, आबा?" एवढं विचारायला काय जात होतं माझं? आमच्या भागात कुणी विचारलं तर एक कमी सांगायचं, हे मला काय ठाऊक नव्हतं? नजर लागते. माझी आईसुद्धा म्हशीचं दूध शेजारणीला एक लिटर कमी सांगायची, आणि लहानपणी मी मध्येच खरा आकडा बोललो म्हणून तिनं घेतलेला चिमटा अजून आठवतो. सगळ्यात देखणं पिल्लू लोक आत कोंडतात हेही माहीत होतं. पण मी घड्याळ बघितलं. साडेदहा. अकराला कळंब, एकला बावडा. तिथं कुणी वाट बघत नव्हतं, त्या वेळा मीच ठरवलेल्या. मी पाच लिहिलं, सही घेतली आणि स्कूटरला किक मारली. मागून आबांनी चहाला हाक मारली, तीही ऐकली नाही.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात बारामतीला क्लबचं प्रदर्शन होतं. आबा जीपमधून उतरले, बरोबर एक बदामी कुत्री. ती नुसती उभी राहिली आणि आजूबाजूची बडबड थांबली. मी यादीत शोधलं. तिची नोंद नव्हती.

"आबा, ही कोण?"

"सहावी," आबा शांतपणे म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "तुम्हीच सांगितलं होतं ना पाच? तोंडानं सांगितलं होतं!"

"व्हय. आमी एक कमीच सांगतो. पण मोजाय तुमी आलता न्हवं?"

आबा खाली बसले आणि कुत्रीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हिची आई साप चावून गेली. भावंडं लोकांनी नेली, ती बी समदी नरच. आता ह्या रक्ताची मादी म्हणाल तर ही एकलीच. कागुद न्हाय तर तुमचा क्लब हिला नर द्यायचा न्हाय. भेसळ मी करणार न्हाय. म्हंजी संपलंच की."

मी आतल्या खोलीतल्या आवाजाचं सांगून टाकलं तेव्हा पशुवैद्य म्हणाले, मार्ग आहे. भावंडांच्या रक्ताशी हिचं रक्त जुळवून बघता येईल, पण त्याआधी मी लेखी द्यायचं, की आवाज ऐकूनही सही केली. "आणि तसं दिलंत," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तर तुमच्या बाकीच्या कागदांवर लोक विश्वास ठेवणार नाहीत. पिशवी परत करावी लागेल."

तीन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. खोटं बोलला तो, शिक्षा मला? मनातल्या मनात आबांना शिव्या घातल्या. पिशवी गेली तर पुन्हा तेच, सहाला आवरून बसायचं आणि सव्वासहाला उठायचं. त्याची मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. पण नाक घासणारी ती आई डोळ्यांपुढून हलेना. तिसऱ्या रात्री बायको म्हणाली, "लिहा नाहीतर झोपा. मधलं काही करू नका."

सकाळी लिहिलं. "मला आवाज आला होता. मी घाईत होतो. घाई कशाची होती ते सांगता येत नाही." पिशवी वैद्यांच्या दारात ठेवली आणि घरी येऊन नळ बघितला. टपकत नव्हता.

रक्त जुळलं. कागद झाला. क्लबचा नर मिळाला. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळत गेलं. मग परवा आबांचा फोन आला.

"व्याली बरं का. तुमचा नवा मानूस येऊन गेला."

"किती आहेत?"

"आठ. तुमाला म्हणून खरं सांगतोय."

"आणि त्यानं किती लिहिली?"

"मी सात सांगितली. त्यानं सात लिवली. च्या बी न पिता गेला की."

मी कपाळाला हात लावला. इतकं झालं, तरी म्हातारा एक कमी सांगायचा तो सांगतोच! पंचेचाळीस दिवसांतले सहा उरले होते. नवा माणूस बँकेतून निवृत्त झालेला, नंबर माझ्याकडं होता. त्याला म्हटलं, "परत सणसरला जा. आतली खोली उघडायला सांगा. चहा प्या, बसा तिथं."

"अहो, आता कसं जमेल?" तो गाडीवर असावा, दमला होता. "मला अकराला कळंबला पोचायचंय, मग बावडा."

"कळंबला कुणी वाट बघतंय का तुमची?"

पलीकडं त्यानं गाडी बंद केल्याचा आवाज आला.

"गाडी वळवा," मी म्हटलं. "मीही येतो." आणि उठून चप्पल शोधायला लागलो.