मेव्हणीच्या अल्बममधले टाळ

डिसेंबरातला दुसरा रविवार, दुपारचे चार. मानधन सोडून खर्च पस्तीस हजार: हॉलचे नऊ, भाड्याच्या पियानोचे चौदा, रेकॉर्डिंगचे बारा. हजर होते माझी धाकटी मेव्हणी, तिचे तीन साथीदार आणि खुर्च्यांवर आमचे चाळीस नातेवाईक.

मेव्हणी मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नोकरी करते आणि ड्रम वाजवते. पियानो, सॅक्सोफोन, डबल बेस आणि म्होरक्या ती, अशी त्यांची जॅझची चौकडी. पहिला अल्बम लोकांसमोर, एका बैठकीत वाजवून रेकॉर्ड करायचा होता. सॅक्सोफोनवाला दुसऱ्या दिवशी कायमचा परदेशी निघालेला, त्यामुळे संधी ही एकच. हॉलमध्ये जे वाजेल ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये जाणार. श्रोत्यांना गप्प ठेवायचं काम माझ्याकडे.

नरखेडहून बायकोच्या मावशीचं अख्खं भजनी मंडळ आलं, पिशव्यांमध्ये टाळ घेऊन. गाण्याबजावण्याला रिकाम्या हाताने जायचं नाही, ही त्यांची रीत. मी दारातच अकरा जोड्या काढून घेतल्या आणि एका पिशवीत भरून भिंतीशी ठेवल्या.

"जावईबापू, मंग हाताचं का करावं आमी?" मावशीने विचारलं.

मांडीवर ठेवा, म्हटलं.

पाऊण तास सुरळीत गेला. शेवटच्या तुकड्यात मेव्हणी एकटीच वाजवू लागली आणि दर फेरीत एक मात्रा मोकळी सोडू लागली. दोन फेऱ्या झाल्या. पुढची मोकळी मात्रा आली आणि तिसऱ्या रांगेतून टिण्ण! मावशीने एक जोडी पदराखाली ठेवून घेतली होती.

सगळं वाया गेलं. मेव्हणीने मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा तेवढीच जागा सोडली. पुन्हा टिण्ण, अगदी नेमका. मग ती हसायलाच लागली, हात न थांबवता, आणि भिंतीशी ठेवलेल्या पिशवीकडे मानेने खूण केली. मी धावत जाऊन टाळ वाटले. मंडळ उभं राहिलं, सॅक्सोफोनवाला वाजवत वाजवत त्यांच्यात घुसला, पियानोवाला डोळे पुसत होता, आणि श्रोत्यांना गप्प ठेवणारा मी चहाच्या टेबलावरच्या दोन बशा एकमेकींवर आपटत होतो. एक फुटलीही.

तो तुकडा अल्बममध्ये जसाच्या तसा आहे, बशीसकट.

वादकांचं मानधन चार-चार हजार ठरलं होतं. मेव्हणीने पाचवं पाकीट मावशीपुढे धरलं.

"मले काहून वं? जागा रिकामी दिसली, भरली."

मेव्हणीने ते तिच्या पिशवीत कोंबलं. चार हजार, रोख, मावशीला.